गेलेल्यांचं मत

करुण नायर विदर्भाकडून दोन मोसम खेळून कर्नाटकात परत गेला, जितेश शर्मानं बडोद्याची वाट धरली, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाचं निष्ठेवरचं कीर्तन चालू आहे. "नायरचं सोड, तो पाहुणाच होता. पण जितेश अमरावतीचा पोरगा न बे! याले काय कमी केलं होतं आपण?" आता विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर स्वतःच यष्टिरक्षक. रणजीच्या अकरात दुसऱ्या यष्टिरक्षकाला जागा कुठून निघणार, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "वाट पाहायची." याच दादानं जामठ्याला रणजीच्या फायनलमध्ये नायरनं १३५ केल्या तेव्हा उन्हात उभं राहून टाळ्या पिटल्या होत्या, फोटोही टाकला होता. तो पाहुणा आहे हे तेव्हा कुणाला आठवलं नव्हतं.

हे मी एक वेळ चालवून घेतलं असतं. पण २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही इथं, ओरेगन राज्यात, युजीनला अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला गेलो, मी आणि बायको ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या नारंगी शर्टात, मुलगी ओरेगन विद्यापीठाच्या हिरव्या, आणि तिनं तो फोटो ग्रुपवर टाकला. त्याखाली दादाचा निरोप: "पाहा. पोरं कॉलेजची, पण गावच्या गाव मागं उभं राहते. शंभर वर्षं झाली, तेच संघ, तेच सामने. निष्ठा याले म्हणतात. शिका जरा अमेरिकेपासून."

मी तेव्हा फ्रेड मायर या दुकानाच्या पार्किंगमध्ये होतो. दूध गाडीत तसंच ठेवून वीस मिनिटं टाइप करत बसलो आणि मग सगळं पुसून टाकलं, कारण जे लिहायचं होतं ते ग्रुपवर मावणारं नव्हतं. म्हणून इथं लिहितो.

दादा, ज्या निष्ठेचा तू फोटो पाहिलास, तिचं इथं २०२३ मध्येच क्रियाकर्म झालं. मी राहतो त्या कॉर्व्हॅलिसमध्येच.

इथले कॉलेजांचे संघ कॉन्फरन्समध्ये खेळतात. कॉन्फरन्स म्हणजे आपल्या रणजीतले जुने विभाग समज. आसपासच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन ठरवायचं की दरवर्षी आपण आपसांत खेळू, आणि पुढे टीव्ही आल्यावर त्याचे पैसे वाटून घेऊ. आमची कॉन्फरन्स डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात जन्मली. चार घरं होती: वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया (म्हणजे बर्कली), ओरेगन आणि ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज. शेवटचं ते आमचं, आताचं ओरेगन स्टेट. म्हणजे आम्ही मूळचे शेतकी, अकोल्याच्या जातकुळीतले. ओरेगन विद्यापीठ युजीनला, आमच्यापासून चाळीस मैलांवर. नागपूर-वर्ध्याइतकंही अंतर नाही. त्यांच्यामागे नायकेचे फिल नाइट उभे आणि आमच्यामागे पाऊस. दोन्ही सरकारी विद्यापीठं, दोघांचा फुटबॉल सामना १८९४ पासूनचा. मी २००४ साली इथं एमएस करायला आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी एवढंच कळलं की नोव्हेंबरात एक दिवस असा येतो की लायब्ररी ओस पडते.

घरं वाढत गेली. १९७८ मध्ये दहा झाली, २०११ मध्ये बारा. नाव पडलं पॅक-१२. मग ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या दोघांनी, यूएससी आणि यूसीएलएनं, जाहीर केलं की आम्ही बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये चाललो. ही बिग टेन मूळची मध्य-पश्चिमेची, आणि तिच्यात तेव्हाच चौदा संघ होते. आता अठरा आहेत. नावातला आकडा कुणी मोजत नाही. त्याच ऑगस्टात तिनं टीव्हीशी सात वर्षांचा सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. आमच्या पॅक-१२ च्या पुढाऱ्यांनी आधी बाजारात टीव्ही हक्कांची भलती किंमत सांगितली, गिऱ्हाईक उठून गेलं, आणि शेवटी ॲपलचा एक देकार हातात उरला: बातम्यांनुसार वर्षाला प्रत्येकी तेवीस-पंचवीस दशलक्ष, पुढचं वर्गणीदार मिळतील तसं.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. तोवर कोलोरॅडोही गेलं होतं, नऊ उरले होते. त्या सकाळी नऊही जण सह्या करणार अशी बातमी होती. ऑफिसात आमच्या रांगेतला प्रत्येक जण एका खिडकीत काम आणि दुसऱ्या खिडकीत बातम्या उघडून बसलेला. दहा वाजेपर्यंत कळलं की ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे निघाले, तेही अर्ध्या वाट्यावर, साधारण तीस दशलक्षांवर. संध्याकाळपर्यंत ॲरिझोनाचे दोघे आणि युटा बिग ट्वेल्व्ह या तिसऱ्याच कॉन्फरन्समध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीनं तर कहर केला, दोघे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं! मालवणच्या माणसानं बंगालच्या उपसागरातल्या मच्छीमार सोसायटीत नाव घालावं तसं. (यावर आपण नागपूरकरांनी फार हसू नये. विदर्भाचा संघ महाराष्ट्रात असून क्रिकेटच्या हिशेबात मध्य विभागातच खेळतो.)

बारातले दोन उरले, आम्ही आणि शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातलं, पुलमन गावचं वॉशिंग्टन स्टेट. आमच्या रेसर स्टेडियमची पश्चिम बाजू त्याच वर्षी १६१ दशलक्ष डॉलर खर्चून नवी केली होती. काचेची, झगमगीत. पाहुण्यांसाठी बंगला बांधावा आणि भाऊबंदांनी सोयरीकच तोडावी, असं ते दृश्य.

आता सांग दादा, नायरला बोल लावणारा तू, यांना काय म्हणशील? तुझे खेळाडू पोटापाण्यासाठी जातात, आणि जायचं तर असोसिएशनकडून ना हरकत प्रमाणपत्र मागतात. यशस्वी जैस्वालनं मुंबईकडे ते मागितलं, गोव्याला जाणार म्हणाला, महिन्याभरात अर्ज परतही घेतला. इथं पोरं नाही गेली, इथं विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आख्खी विद्यापीठं उचलून नेली आणि पोरांना वर्तमानपत्रातून कळलं. माझ्या मुलीच्या वर्गात व्हॉलीबॉल खेळणारी एक मुलगी आहे, ती न्यू जर्सीला सामने खेळून येते आणि विमानात मिडटर्मचा अभ्यास करते. तरी खेळाडूंना तुमच्याकडे गद्दार म्हणायची सोय आहे, कारण खेळाडूला चेहरा असतो. कॉन्फरन्सच्या बैठकीला चेहरा नसतो.

हेही सांगतो की इथं निदान हिशेब उघड्यावर होतो. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी व्यवस्थेतल्या बहिणी. एक श्रीमंताघरी गेली म्हणून त्या व्यवस्थेच्या नियामक मंडळानं, रीजंट्सनी, तिला दुसरीला वर्षाला दहा दशलक्ष डॉलर द्यायला लावले. पोटगीच ती. इथले लोकही तिला थट्टेनं पोटगीच म्हणतात. आपल्याकडे कुठल्या संघटनेनं सोडून जाताना मागच्याला पै दिली आहे?

हे वाक्य लिहिताना मी किती ताठ झालो होतो, ते मुलीनं पाहिलं. ती युजीनला शिकते. म्हणाली, "बाबा, ते गेले नसते तर काय करायचं होतं त्यांनी? तुमच्यासोबत शेकोटी करत बसायचं?" तिला मी निष्ठेवर चार शब्द ऐकवले. ते ऐकवताना आवाज आपला नसून दादाचा आहे, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

कारण मी युजीनवाल्यांवर खरोखर चिडलो होतो. अजून आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी आम्हाला ३१-७ असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी आमचा कोच जोनाथन स्मिथ मिशिगन स्टेटला निघून गेला. हा माणूस याच मैदानावर, शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, झालेला, गावचा लाडका. थँक्सगिव्हिंगचा आठवडा होता. शेजारच्या आजोबांनी दारावरचा झेंडा काढून गॅरेजमध्ये ठेवला. मी काहीही म्हणालो नाही, पण त्या रात्री मलाही जेवण गेलं नाही. इथल्या माणसांना नसेल इतका राग मला का यावा, हे बायकोनं विचारलं होतं. मी म्हणालो, मी या विद्यापीठाचा आहे. ती म्हणाली, "दोन वर्षांचा."

त्या हिवाळ्यात आमच्या बाजूनं एकच गोष्ट घडली, ती कोर्टात. पुलमनजवळ कोलफॅक्स नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या काउंटी कोर्टात आमच्या दोन विद्यापीठांनी दावा लावला होता. प्रश्न साधा होता: जे दहा जण जायची नोटीस देऊन बसले आहेत, त्यांनी कॉन्फरन्सच्या मंडळात मत द्यायचं का? नियमात लिहिलं होतं की ठरावीक मुदतीआधी जाण्याची सूचना देणाऱ्याची मंडळावरची जागा जाते. यूसीएलए-यूएससी निघाले तेव्हा बाकीच्यांनी हाच नियम लावून त्यांना बैठकीबाहेर ठेवलं होतं. स्वतः निघाल्यावर मात्र दहाही जण म्हणू लागले की मत आमचंही, तिजोरीही आमची. नोव्हेंबरात न्यायाधीशांनी निकाल दिला की कारभार राहिलेल्या दोघांचा. दहांना त्या वर्षाचा वाटा न्यायानं द्या, पण निर्णय तुम्ही करा. डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला.

आम्ही गावभर तो निकाल साजरा केला. मी ऑफिसात डोनट नेले. गेलेल्यांना मत नाही! किती स्वच्छ वाक्य. मी ते कॉफी मशीनपाशी चार जणांना तरी म्हणून दाखवलं.

त्यानंतर जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते चांगलं आहे आणि चांगल्याबद्दल लिहायला मला कमी सुचतं. दोघांनी मिळून घर पुन्हा भरायला घेतलं: बॉइझी, फ्रेझ्नो, सॅन डिएगो, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, गोन्झागा, शेवटी टेक्सस स्टेट. २०२६ च्या जुलैपासून नवी कॉन्फरन्स. मधल्या काळात आमचा बेसबॉल संघ कुठल्याच घरात नसताना सूटकेस घेऊन देशभर खेळत फिरला आणि २०२५ मध्ये ओमाहापर्यंत, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचला. फुटबॉलचं विचारू नकोस. त्या फोटोतल्या सामन्यात आम्ही ४१-७ असे धुतले गेलो. सामना आता नोव्हेंबरात नाही, सप्टेंबरात उरकतात, टी-शर्ट घालून. आणि २०२६ च्या वेळापत्रकात तो नाहीच.

दादा नागपूर सोडून कधी गेला नाही असं नाही. त्याला पुण्यात चांगली नोकरी होती. बाबा गेल्यावर २००६ मध्ये त्यानं नागपूरला बदली मागून घेतली, पगाराची एक पायरी खाली उतरून. मी तेव्हा ग्रीन कार्डच्या रांगेत होतो, म्हणजे तेव्हा मी हेच कारण सांगितलं. आईची तेरा वर्षं त्यानं आणि वहिनीनं केली. ती गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. घराचा कर, गच्चीची गळती, विहिरीवरच्या मोटरचा झगडा, सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे सातबारासारखं फक्त नाव.

आणि मत. तेही माझ्याकडे आहे. प्रतापनगरचं घर पाडून तिथं फ्लॅट बांधायचे आहेत, बिल्डर ठरला आहे, दादाचा माझा वाटा लेखी आहे, एक पैसाही कमी नाही. लागतं ते फक्त माझं मुखत्यारपत्र: इथं नोटरीपुढे सही करायची, राज्याच्या राजधानीहून, सेलमहून, अपॉस्टील (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून घ्यायचं, पाठवून द्यायचं. कॉर्व्हॅलिसहून सेलमला तासही लागत नाही. दादानं मसुदा मे महिन्यात पाठवला. मी आधी दोन शंका काढल्या, मग तिसरी काढली. बिल्डरबद्दल ग्रुपवर मत दिलं. जिन्याखालची देवळी ठेवता येईल का, असं विचारलं. वहिनीनं उत्तर दिलं नाही, दादानं हसण्याची खूण टाकली.

तो कागद प्रिंट करून माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. वीस वर्षांत दादानं मला एकदाही निष्ठा हा शब्द वापरून काही म्हटलेलं नाही. तो तो शब्द फक्त क्रिकेटवाल्यांना वापरतो.

काल त्याचा निरोप आला: "सही झाली का रे? आणि तुझ्या त्या नारंगीवाल्यांचं यंदा काय म्हणते?"

मी नारंगीवाल्यांबद्दल बरंच लिहिलं.