टेलला पाणी आधी

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीच्या आगेमागे एक भांडण ठरलेलं असतं. नाशिक-नगरच्या धरणांतून खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं की नाही? मावशी नाशिकरोडची, मामेभाऊ दिंडोरी तालुक्यातला बागायतदार आणि चुलतबहीण लग्न होऊन संभाजीनगरला गेलेली. 2023 मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून साडेआठ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त पाणी खाली सोडायचा आदेश निघाला, तेव्हा भांडून चुलतबहीण ग्रुप सोडून गेली. भाऊबीजेला परत आली, पण फोटो टाकले नाहीत.

अशा वेळी कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. "हॉलंडात बघा, पाण्याचं कसं मॅनेजमेंट असतं!" मी डेल्फ्टजवळ राहते, फळांच्या आयातीत काम करते. हे वाक्य ऐकलं की मला अवघडल्यासारखं होतं. कारण ते अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खरं आहे ते बोलणाऱ्याच्या मनात नसतं.

नाशिकला एमबीए करताना पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली होती: उपलब्ध साधनांचा योग्य वापर करून, इतरांकडून काम करवून घेऊन उद्दिष्ट गाठणं म्हणजे व्यवस्थापन. खाली साधनं: माणसं, पैसा, माल, यंत्रं, पद्धती. मग फ्रेंच खाणउद्योगातला आंरी फेयोल, 1916 सालचं त्याचं लिखाण आणि नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण अशी त्याची पाच कामं. परीक्षेत मला चांगले मार्क पडले. पण साधन दोघांना पुरणार नसेल तर कोणी कमी घ्यायचं, हे त्या व्याख्येत कुठेच नव्हतं. 'योग्य वापर' म्हणजे कोणासाठी योग्य, हेही आम्ही कोणी विचारलं नाही.

नेदरलँड्समध्ये पाण्याची तूट नाही, असं नाशिकमध्ये सगळ्यांना वाटतं. माझ्या घराखालची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि इथलं रोजचं काम पाणी बाहेर उपसायचं आहे, तेव्हा वाटणं साहजिकच. पण 2018 आणि 2022 च्या उन्हाळ्यात इथेही नद्या खाली गेल्या. तेव्हा कोणाला आधी द्यायचं याची यादी काढायला बैठक बसली नाही. ती कायद्यात आधीच होती. पहिल्यांदा पूर अडवणारे बांध आणि पुन्हा भरून न निघणारं नुकसान टाळणं, मग पिण्याचं पाणी आणि वीज, मग थोड्या पाण्यात मोठं मोल वाचवणारी कामं, आणि बाकी शेती, जहाजं, कारखाने सगळे शेवटी. आपल्या बागायतदाराने शेवटच्या रांगेतलं स्वतःचं नाव वाचलं, तर तो 'हॉलंडात बघा' म्हणणार नाही.

आणि अशी यादी आपल्याकडे नाही असंही नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं, मग शेती, मग उद्योग असा क्रम लिहिलेला आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशात आहे. मग दरवर्षी कोर्टाची पायरी का? माझं मत असं की आपण वाटणीचं भांडण साधनाच्या भांडणात बदलून टाकतो. 'अजून पाणी आणा' म्हटलं की 'तू कमी घे' म्हणावं लागत नाही. पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवा, ही मागणी मी लहानपणापासून ऐकते. मागणी चुकीची नाही, पण तोवर यंदाच्या ऑक्टोबरचं काय?

इथे पाण्याचा कारभार निवडून आलेल्या मंडळांकडे असतो. आमचं डेल्फलंडचं मंडळ 1289 सालचं. त्यात शेतकऱ्यांच्या आणि निसर्गराखणदारांच्या जागा राखीव आहेत, त्याची पट्टी आम्ही घरटी भरतो आणि परदेशी नागरिक असूनही 2023 मध्ये मी त्याला मत दिलं. संसदेला देता येत नाही, पंपाला देता येतं! मात्र याच देशाने शेतीतून निघणाऱ्या नायट्रोजनचा प्रश्न वर्षानुवर्षं पुढे ढकलला. 2019 मध्ये न्यायालयाने ती पळवाट बंद केली, आणि ट्रॅक्टर हेगच्या रस्त्यांवर आले. तोटा कोणाचा हे ठरवायचं टाळलं की डच माणूसही नाशिककरासारखाच रस्त्यावर येतो.

म्हणून 'तिकडं बघा' म्हणणाऱ्यांना मी दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं नाव सांगते. बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी 1990 च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांना जमवून पाणी वापर संस्था काढल्या. पुढे अख्ख्या धरणाच्या लाभक्षेत्राचा कारभार संस्थांच्या हातात आला. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी आपण वसूल करायची, पाळ्या आपण ठरवायच्या. नंतर 2005 मध्ये राज्याने कायदाच केला आणि त्याच्या नावातच 'शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' हे शब्द आले. आमच्या फळ्यावरच्या व्याख्येत माणसं हे एक साधन होतं. इथे ती साधनाची मालक झाली. त्याहून जुनी, बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वापरायची फड पद्धत मोसम-पांझरेच्या काठाने कित्येक पिढ्या चालत आली. तिथे पाणी वाटणारा पाटकरी असे, आणि कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणतं पीक हेही सगळ्यांनी मिळून ठरलेलं.

मामेभाऊ अशाच एका संस्थेच्या संचालक मंडळावर आहे. मागच्या रविवारी त्याला मी इथली कायद्यातली यादी फोनवर वाचून दाखवली. तो ऐकत होता, मागे मोटर सुरू होती.

"ताई, यादी चांगली आहे गं. पण आमच्याकडं कालव्याला आवर्तन सुटलं की आधी टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी, मग वर वर यायचं. हेडवाल्यानं आधी घेतलं की टेलला काही उरत नाही. तुमच्याकडं टेलवाला कोण?"

मी म्हटलं, शोधून सांगते. अजून सांगितलेलं नाही.