स्वस्त होईल, पण ताबा कुणाचा?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : चष्मा काय, मोबाइल काय, आधी महाग होते, मग घरोघरी पोचले, मानवी क्षमता वाढवणारं तंत्रज्ञानही तसंच पोचेल, त्यात राजकारण कशाला?

किंमत उतरेल हे बऱ्याच अंशी मान्य. चष्म्याची तुलना मात्र पटत नाही. चष्म्याची काच फुटली तर कुठलाही चष्मेवाला नवी बसवून देतो. मूळ कंपनी हयात आहे का, हे कुणी विचारत नाही. आता अंधांसाठीचं ‘आर्गस २’ हे कृत्रिम दृष्टिपटल पाहा. चष्म्यात कॅमेरा, कमरेला प्रोसेसर, तिथून तारेने परत चष्म्याकडे आणि चष्म्यातून बिनतारी संदेश डोळ्यातल्या ६० इलेक्ट्रोडना, म्हणजे विजेचे सूक्ष्म झटके देणाऱ्या टोकांना. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये ते बनवणाऱ्या सेकंड साइट कंपनीने उत्पादन थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढले. डोळ्यातला भाग धडधाकट असला तरी कमरेचा प्रोसेसर बिघडला की माणूस पुन्हा अंधारात. हे उपचाराचं उपकरण होतं, खरं आहे. पण क्षमता वाढवण्यासाठी मेंदूत इलेक्ट्रोड घातले तरी बाहेरच्या यंत्रावरचं अवलंबन तेच राहतं.

म्हणून अशा उपकरणाला परवाना देतानाच अट हवी : सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांची रेखाटनं त्रयस्थाकडे अनामत, उपकरण काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च आधीच बाजूला. कंपनीचं दिवाळं निघाल्यावर उशीर होतो; तेव्हा तारणावर कर्ज देणाऱ्यांचा हक्क आधी लागतो.

शिवाय काही गोष्टी स्वस्त झाल्याने प्रश्न सुटतच नाही. २००३ मध्ये अमेरिकेत वाढीचं संप्रेरक निरोगी पण फार बुटक्या मुलांना द्यायला मान्यता मिळाली; निकष होता उंचीत सर्वांत खालचे १.२ टक्के. सगळ्यांना फुकट टोचलं, तरी तळाचे १.२ टक्के उरणारच! शर्यत तीच, फक्त इंजेक्शन न घेणाऱ्याची पंचाईत.

चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीच्या संरक्षणाची तरतूद थेट राज्यघटनेत केली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेंदूच्या लहरी टिपणारी यंत्रं विकणाऱ्या इमोटिव्ह कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूच्या नोंदी पुसायला लावल्या. ते डोक्यावरून काढून ठेवता येणारं यंत्र होतं. कवटीत बसवलेल्या यंत्राचं सॉफ्टवेअर मात्र त्या माणसाच्या नोंदींवरच घडवलेलं असतं. नोंदी पुसल्या तरी ते सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात राहतं. तेही पुसलं तर यंत्र मुकं होतं. भाव उतरल्याने हा तिढा कसा सुटेल, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.