आमदारांना फोन करा. हो, तुम्हीच.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की राज्यात आरोग्य हक्काचा कायदा व्हावा म्हणून सगळ्यांनी आपापल्या आमदारांना फोन करूया. पहिलं उत्तर, "फोन करून काय होणार?" खाली भराभर अंगठे. हीच मंडळी नळाला पाणी आलं नाही की नगरसेवकाची झोप उडवतात!

मावशीला मध्यरात्री धाप लागली तेव्हा आम्ही जवळच्या खासगी हॉस्पिटलात गेलो. स्ट्रेचर दारातच, एक चाक पट्टीत अडकलेलं, आणि काउंटरवरचा पोरगा पावतीपुस्तकात कार्बन सरकवत म्हणतो, "आधी डिपॉझिट भरा." मावसभाऊ एटीएमकडे धावला. ऑक्सिजन लागला तो पावती फाडल्यावर. आणि रुग्ण हक्कांची सनद? होती ना! वॉटर कूलरच्या मागे, अर्धी झाकलेली.

सरकारी असो की खासगी, आणीबाणीत जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. २०२१ मध्ये आपल्याकडे नर्सिंग होमचे नियम सुधारले, सनद आणि दरपत्रक लावणं सक्तीचं झालं. पण रात्री त्या काउंटरवर हे ऐकवायचं कोणाला? हॉस्पिटलांची नोंदणी आणि नियमन करणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलाच नाही. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यावर गाडा ओढणं चाललंय.

"मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे की!" आहे. पण योजनेत असलेल्या हॉस्पिटलातच, आणि ठरलेल्या उपचारांनाच. धापा टाकणाऱ्या बाईला घेऊन आधी यादी तपासायची का? शिवाय योजना शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयानेच बदलते. हक्क मागायचा तर कायदाच हवा.

राजस्थानने २०२३ मध्ये तो केला. डॉक्टर रस्त्यावर उतरले, सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्यांचं एक म्हणणं मान्य : उपचार आम्ही करायचे आणि पैसे सरकारने थकवायचे, हे चालणार नाही. मग परतफेडीची मुदतही कायद्यातच घाला. त्यासाठी रुग्णाला दारात कशाला ताटकळत ठेवता?

त्या पोराबद्दल आता राग नाही. वरून सांगितलेलं तो करत होता. मावशीची एक चप्पल गाडीत राहिली होती, ती त्यानेच आणून पलंगाखाली ठेवली. असा मुलगा, आणि त्याच्या तोंडी ते वाक्य देणारे वर कुठेतरी बसलेले. त्यांना विधानसभेतूनच जाब विचारता येतो.

तर फोन करा. आमदार भेटणार नाहीत, पीए उचलेल. नाव, गाव सांगा, त्यांच्या मतदारसंघातले आहात हे आवर्जून सांगा. मग एवढंच : आणीबाणीत डिपॉझिटशिवाय उपचार, दरांवर नियंत्रण आणि वेळेत निकाल देणारी तक्रार यंत्रणा, हे असलेल्या कायद्यासाठी साहेब सभागृहात प्रश्न विचारणार का? तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, म्हणून आत्ताच. २८८ जण आहेत, आणि प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी पडतंच.

मी दुपारी केला. पीए म्हणाला, "ताई, लेखी द्या." उद्या अर्ज घेऊन जातेय, पोचही घेणार आहे. तुम्हाला काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. आणि "काय होणार" लिहायचं असेल, तर आधी फोन करा, मग लिहा.