‘ज्याने त्याने आपापलं संशोधन करावं’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

गेले काही दिवस एक पोस्ट फिरतीये, मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आली आणि तिन्हीकडे खाली ‘अगदी बरोबर’, ‘सडेतोड’ असं लिहून लोक ती पुढे पाठवतायत. म्हणणं असं की देशादेशांनी मिळून संशोधन करणं म्हणजे नुसता देखावा, खरे शोध एकटी माणसं लावतात, हजार नावांच्या पेपरमध्ये कोणी काय केलं कुणालाच माहीत नसतं, आपली माहिती फुकट जाते, आपला पैसा बाहेर जातो, आणि राजकारण बिघडलं की सगळं बंद पडतं, तेव्हा ज्याने त्याने आपापलं बघावं. एरवी मी अशा पोस्ट सोडून देते, पण ही सोडवेना, कारण यातल्या दोन-तीन गोष्टींत थोडं तथ्य आहे आणि त्या थोड्या तथ्यावर बाकीचं सगळं खपवलंय. म्हणून एकेक घेते.

पोस्टच्या वरच आइन्स्टाईनचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘याला कुठल्या कोलॅबोरेशनची गरज पडली?’ पडली होती! जनरल रिलेटिव्हिटीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्याच्या थिअरीला, लागणारं गणित त्याला येत नव्हतं, म्हणून तो झुरिचमध्ये आपल्या जुन्या वर्गमित्राकडे, मार्सेल ग्रोसमनकडे गेला आणि ग्रोसमनने त्याला रीमानच्या भूमितीची, म्हणजे वाकलेल्या जागेच्या गणिताची, वाट दाखवली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बर्लिनला समीकरणं पूर्ण झाली तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं, जर्मन जर्नल इंग्लंडला पोचायची बंद झालेली. मग तिकडे हे काम पोचलं कसं? हॉलंड युद्धात नव्हतं, तिथल्या विलेम डी सिटर या खगोलशास्त्रज्ञाने ते इंग्लंडमधल्या एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञापर्यंत पोचवलं. आणि युद्ध थांबून जेमतेम सहा महिने होतायत तोच, २९ मे १९१९ च्या ग्रहणाला, इंग्रजांच्या दोन टीम एका जर्मन प्रोफेसरची थिअरी तपासायला, म्हणजे सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश त्याने सांगितल्याइतका वाकतो का ते ग्रहणाच्या अंधारात फोटो काढून बघायला, निघून गेल्या होत्या, एक आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरी ब्राझीलमध्ये सोब्रालला. प्रिन्सिपेला ढग आले, फोटोच्या अगदी मोजक्या प्लेट हाती लागल्या. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीचा फोकस बिघडला, पण तिथेच नेलेल्या दुसऱ्या छोट्या दुर्बिणीने काम केलं. दोन ठिकाणी माणसं गेली नसती तर त्या वर्षी सांगण्यासारखं फारच थोडं हातात उरलं असतं. कल्पना एका माणसाच्या डोक्यात येते हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण ती खरी आहे की नाही हे तो एकटा ठरवू शकत नाही, त्याला दुसरे डोळे लागतात.

आता ‘हजार नावं’. पोस्टमध्ये सर्नच्या, म्हणजे जिनिव्हाजवळच्या युरोपियन देशांच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या, २०१५ च्या एका पेपरचा दाखला आहे, ५,१५४ लेखक, ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची. आकडे खरे आहेत, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हा पेपर ॲटलस आणि सीएमएस या दोन टीमचा मिळून होता, हिग्ज कणाचं वस्तुमान किती यावर. कणांची टक्कर घडवायला जमिनीखाली २७ किलोमीटरचं रिंगण, त्यावर टकरीतून काय निघतं ते टिपणारे इमारतीएवढे डिटेक्टर, ते बांधणारे, त्यातली इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारे, डेटा चाळणारे, यातलं एक माणूस काढलं तर आकडा येत नाही, मग नाव कुणाचं गाळायचं? आणि मुळात दोन टीम ठेवल्यात त्या मुद्दामच. यंत्रं वेगळी, माणसं वेगळी, विश्लेषण वेगळं, म्हणूनच ४ जुलै २०१२ ला दोघांनी जवळपास एकाच वस्तुमानाचा नवा कण दाखवला तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला.

याहून जवळून बघायचं तर ब्लॅक होलच्या पहिल्या फोटोची गोष्ट बघा. एप्रिल २०१७ मध्ये हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि साऊथ पोल इथल्या मिळून आठ दुर्बिणींनी एकाच वेळी निरीक्षणं घेतली, कारण एवढ्या लांबचं एवढं बारीक बघायला पृथ्वीएवढी दुर्बीण लागते आणि ती कुठल्याच एका देशात मावत नाही. डेटा इतका की इंटरनेटवरून पाठवणं शक्यच नव्हतं, हार्ड डिस्क खोक्यात भरून विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या. साऊथ पोलच्या डिस्क तर तिथेच अडकल्या, तिथला हिवाळा आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात येतो आणि तेव्हा तिथे विमान उतरत नाही, त्या डिसेंबरमध्ये पोचल्या. मग चित्र बनवायला चार टीम केल्या आणि त्यांना सांगितलं की एकमेकांशी बोलायचं नाही, कोणाचं काय आलंय ते विचारायचं नाही. नंतर चौघांची चित्रं शेजारी ठेवली तर चारहींत तेच कडं, खालच्या बाजूला जास्त उजळ. तरीसुद्धा आणखी तपासण्या करून १० एप्रिल २०१९ ला फोटो जाहीर केला. ‘कोणी काय केलं कुणालाच माहीत नसतं’ असं जे म्हणतात त्यांनी हे एकदा वाचावंच, इथे एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही म्हणूनच इतकी माणसं घेतली होती.

तिसरा मुद्दा, माहिती फुकट जाते. इथे मी थोडं थांबणार आहे कारण ही तक्रार सरसकट खोटी नाही. २००७ च्या सुमाराला इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या व्हायरसचे नमुने बाहेर पाठवणं थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्या आजारी माणसांचे नमुने आम्ही फुकट द्यायचे, त्यावरून बाहेरच्या कंपन्या लस करणार, आणि ती लस आम्हालाच परवडणार नाही, हा कुठला न्याय? बरोबरच होतं त्यांचं. पण पुढे काय झालं ते पोस्टवाले सांगत नाहीत. चार वर्षं वाटाघाटी चालल्या आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नवा करार झाला, की नमुने वाटायचे पण लस बनवणाऱ्यांनी दरवर्षी पैसे भरायचे आणि साथ आली तर लसीचा काही वाटा गरीब देशांसाठी बाजूला ठेवायचा. म्हणजे अटी अन्यायाच्या होत्या तर अटी बदलल्या, दार लावून घेतलं नाही. दार लावलं असतं तर दर सहा महिन्यांनी फ्लूच्या लसीत व्हायरसचे कुठले स्ट्रेन (प्रकार) घालायचे हे ठरवतात ते कशावरून ठरवणार होते, जगभरच्या लॅब १९५२ पासून नमुने पाठवतायत म्हणून तर ते ठरतं.

आणि माहिती मोकळी केल्याने काय होतं ते आपण सगळ्यांनी जगून बघितलंय. जानेवारी २०२० मध्ये शांघायचे शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्याकडे नव्या कोरोनाव्हायरसचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, तयार होता, साधारण ३०,००० अक्षरांचा. सिडनीहून त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांनी फोन केला तेव्हा झांग विमानात बसलेले होते, उड्डाणाची तयारी चाललेली, होम्सनी विचारलं इंटरनेटवर टाकू का, झांग म्हणाले टाका. ११ जानेवारीला तो सगळ्या जगासाठी खुला झाला. दुसऱ्याच दिवशी झांग यांची लॅब बंद करायचा आदेश निघाला, म्हणजे त्या ‘हो’ची किंमत त्यांनी मोजली. पण १३ जानेवारीपर्यंत अमेरिकेत मॉडर्ना कंपनीच्या लसीचा आराखडा नक्की झालेला होता, व्हायरसचा नमुना समोर नसताना, नुसत्या त्या अक्षरांवरून, आणि १६ मार्चला पहिल्या माणसाला टोचलीसुद्धा. हे मला अजूनही आठवलं की भरून येतं.

पैशाबद्दल. सर्नची वर्गणी प्रत्येक सदस्य देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात असते आणि यंत्राचे कितीतरी भाग देश आपापल्याकडेच बनवून देतात, म्हणजे तो पैसा, ती कारागिरी, ते शिकलेले इंजिनिअर घरीच राहतात. वर्ल्ड वाइड वेब तिथे बनलं आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते फुकट करून टाकलं, ज्याच्यामुळे ही पोस्टसुद्धा फिरू शकतेय. हां, मोठे प्रोजेक्ट रखडतात आणि फुगतात हे खरं आहे, सूर्यासारखी अणू जोडून ऊर्जा मिळवायचा, म्हणजे फ्यूजनचा, फ्रान्समधला इटर प्रकल्प बघा, ठरवलेली तारीख कितीदा तरी पुढे गेली, आणि सात भागीदारांत कामाची वाटणी करण्यात वेळ जातो हे त्यामागचं एक कारण आहेच. यावर टीका व्हायलाच हवी, मीही करते.

पण ‘आपलं यंत्र आपण बांधावं, दुसऱ्याच्या यंत्राशी काय देणंघेणं’ हे वाक्य मात्र मला पटत नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (अतिशय घट्ट, मेलेले तारे) एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर आली. अशा लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या दोन डिटेक्टरना ती चांगली ऐकू आली, पण दोनच कान असले की आवाज नेमका कुठून आला ते कळत नाही, आकाशाचा जवळजवळ १९० चौरस अंशांचा पट्टा शोधायचा राहिला होता. इटलीतला व्हर्गो डिटेक्टर जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सामील झाला होता आणि गंमत म्हणजे त्याला जवळपास काहीच ऐकू आलं नाही. त्यावरूनच कळलं, की हे त्याच्या आंधळ्या दिशेला घडलंय! पट्टा आकसून तीसेक चौरस अंशांवर आला आणि अकरा तासांच्या आत चिलीतल्या एका मीटरच्या दुर्बिणीने १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका आकाशगंगेत नवा ठिपका शोधून काढला. शेजारच्याला काही ऐकू न येणं हीच तुमच्या कामाची माहिती ठरते, आणि ती मिळायला शेजारी सोबत असावा लागतो.

राहिलं राजकारण. होय, राजकारणाने नुकसान होतं, सर्नचा रशियाशी असलेला करार ३० नोव्हेंबर २०२४ ला संपला आणि सर्नने तो पुढे चालवला नाही. पण सगळंच बंद पडतं म्हणणाऱ्यांनी शीतयुद्ध आठवावं. देवीचा रोग जगातून घालवायचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत युनियनच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी मांडला. १९६७ पासून मोहिमेचा जोर वाढला तेव्हा प्रमुख होते अमेरिकेचे डी. ए. हेंडरसन आणि लस येत होती मुख्यतः सोव्हिएतांकडून, उन्हात न खराब होणारी, कोट्यवधी डोस. दोन्हीकडे अणुबॉम्ब तयार असतानाची ही गोष्ट आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रोगी सापडला, ८ मे १९८० ला रोग संपल्याचं जाहीर झालं. त्याच काळात अंटार्क्टिकाच्या व्होस्तोक स्टेशनवर, जिथे उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं, रशियन लोक बर्फात भोक पाडत होते, फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉड लोरियस तिथे अमेरिकन विमानाने पोचले, आणि बर्फाचे दंडगोल फ्रान्समध्ये तपासले गेले. त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांतून १९९९ पर्यंत आपल्याला ४,२०,००० वर्षांच्या हवेचा हिशोब मिळाला. ड्रिल एकाचं, विमान दुसऱ्याचं, लॅब तिसऱ्याची.

शेवटचं वाक्य, ‘ज्याने त्याने आपापलं बघावं’. अंटार्क्टिकातल्या हॅली स्टेशनवर ब्रिटिश लोक १९५७ च्या सुमारापासून दरवर्षी ओझोन, म्हणजे सूर्याचे घातक किरण अडवणारा वर हवेतला वायू, मोजत होते, साध्या जमिनीवरच्या यंत्राने, आणि १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी सांगितलं की वसंतात तिथला ओझोन भयानक घटतोय. तो घटत होता फ्रिज आणि स्प्रेमधल्या वायूंमुळे, जे बहुतेक सगळे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वापरले जात होते, आणि हे वायू ओझोन खातील हा इशारा १९७४ मध्येच मेक्सिकोत जन्मलेले मोलिना आणि अमेरिकेचे रोलंड यांनी दिला होता. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला, पुढे जगातल्या प्रत्येक देशाने तो मान्य केला, आणि आता ते भोक हळूहळू भरतंय. ते भोक मुख्यतः अंटार्क्टिकावर आहे, जिथे एकही देश वसलेला नाही. पोस्ट लिहिणाऱ्यांना मला मनापासून विचारायचंय, आपापलं बघायचं ठरलं असतं तर ते कोणी बघायचं होतं?