आधी कंपनी काढा, गिऱ्हाईक नंतर बघू

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आलात, दोन केट्या (राहिलेले विषय) आहेत, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अजून सुटलेला नाही. म्हणजे तुमच्या अंगी उद्योजकाचे सगळे गुण आलेले आहेत. फक्त घरी इतक्यात सांगू नका. वडील पहिला प्रश्न विचारतील, "विकणार काय?" तयारीच्या काळात या प्रश्नाइतकं अशुभ दुसरं काही नाही.

सुरुवात शब्दांपासून करा. 'धंदा' म्हणायचं नाही. धंदा कोपऱ्यावरचा वडापाववाला करतो आणि संध्याकाळी गल्ला मोजतो. तुम्ही 'स्टार्टअप' करता, तुम्हाला मोजण्यासारखं काही नसतं. कुणी विचारत नसलं की 'आम्ही पिव्होट करतोय', म्हणजे दिशा बदलतोय, म्हणायचं. बाबांकडून पैसे उकळले तर तो 'फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड', आणि मेसचे पैसे लोगोवर उडवले की 'बूटस्ट्रॅपिंग'. एवढ्या भांडवलावर दोन सेमिस्टर आरामात निघतात.

मग आदर्श निवडा. बिल गेट्स १९७५ मध्ये हार्वर्ड सोडून बाहेर पडले, मार्क झुकरबर्ग २००४ मध्ये. कॉलेज सोडलं की पैसा येतो, हे यावरून सिद्धच झालं. हार्वर्ड सोडायला आधी हार्वर्डला प्रवेश मिळावा लागतो, ही बारीक अक्षरातली अट आपण वाचत नाही. गेट्सच्या मातोश्री 'युनायटेड वे' या अमेरिकेतल्या बड्या धर्मादाय संस्थेच्या राष्ट्रीय मंडळावर होत्या, त्याच मंडळावर आयबीएमचे जॉन ओपेलही होते, आणि १९८० मध्ये आयबीएमनं गेट्सच्या कंपनीला काम दिलं. तुमच्या आई सोसायटीच्या भिशीत आहेत. तिथे कोण कोण येतं, जरा बघून ठेवा.

मराठी आदर्शही एक हवा, भाषणात टाळ्या पडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला, इथवर सांगून थांबा. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावेनात आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली, हा भाग गाळा. दोन वर्षं थांबायचं तर आपल्याला गॅप सर्टिफिकेट काढावं लागेल.

आता कंपनी. आधार कार्डावर छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकटात होते, एकट्याच्या नावावर काम सुरू करता येतं, असं कुणी सुचवेल. अशा माणसांपासून लांब राहा. फुकट गोष्टीचा फोटो स्टेटसला लावता येत नाही. थेट प्रायव्हेट लिमिटेड काढा. २०१५ पासून एक लाखाच्या किमान भांडवलाची अटही राहिलेली नाही. संचालक दोन पुरतात, पण तुम्ही चौघं व्हा: एक सीईओ (सगळ्यांचा प्रमुख), एक सीटीओ (तंत्रज्ञानवाला), एक सीएमओ (मार्केटिंगवाला) आणि एक ज्याच्याकडे गाडी आहे तो. चौघांना २५-२५ टक्के. वाटणी चहाच्या टपरीवर करावी, कारण तिथे कुणी वाद घालत नाही. आम्हीही असेच चौघं होतो; आमच्यातला सीटीओ आठव्या सेमिस्टरनंतर जर्मनीला एमएसला गेला. २५ टक्के अर्थातच सोबत घेऊन गेला.

या कंपनीचा एक फायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. विक्री शून्य असली तरी तिचं ऑडिट होतं. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र वेळेत भरलं नाही, तर दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं. दोन फॉर्मचे दिवसाला २००. सुट्टी नाही, मंदी नाही, दिवाळीतही चालू. आमच्या कंपनीत रोजच्या रोज वाढणारी ही एकमेव गोष्ट होती.

कल्पना सगळ्यात शेवटी शोधली तरी चालते. आमची अशी होती: विद्यार्थ्यांना घरगुती डबा पोहोचवणारं अॅप. पुण्यात शिकायला आलेली पोरं किती, त्यातली फक्त एक टक्का आम्ही धरली (हाव नको), आणि तिसऱ्या वर्षाअखेर आम्ही कोटीत पोहोचलो. स्लाइडवर.

त्यानंतर एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही मेसच्या काकूंना भेटायला गेलो. चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके, बाहेर चपलांचा ढीग, हॉलमध्ये पाठीला पाठ लावून जेवणारी पंचवीस पोरं. काकू ओट्याशी उभ्या, एका हातात उलथनं. आम्ही लॅपटॉप उघडला. त्यांनी दोन स्लाइड पाहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, खाडा कसा धरणार तुझ्यात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी फ्रिजवरची वही काढली. तेलाचे डाग पडलेली, कडा फुगलेली. उभ्या रकान्यात तारखा, आडवी नावं, मध्ये मध्ये 'ख'. सलग तीन दिवस नसाल तरच खाडा, आदल्या रात्री दहाच्या आत सांगितलं तरच, आणि रविवारची फीस्ट चुकली तर तुमचं नशीब. "हा बघ, हा सोमवारी खाडा सांगतो आणि मंगळवारी मित्राच्या नावावर येऊन जेवतो. हा परीक्षेत जेवतच नाही. ही मुलगी चतुर्थीला खिचडी मागते, तर एक डबा कमी नाही धरायचा, वेगळा धरायचा. हे सगळं कोण बघणार? आणि पोळीवाल्या ताई आल्या नाहीत त्या दिवशी तुझं अॅप लाटणारे का?"

सीटीओनं 'एआय' असा काहीतरी उच्चार केला. काकूंनी त्याच्यासमोर मटकीची उसळ ठेवली.

उतरताना जिन्यात सीईओ म्हणाला की ग्राहक अजून मॅच्युअर नाहीये. हे वाक्य लिहून ठेवा, सगळीकडे चालतं.

यापुढे लोकांना भेटण्यापेक्षा स्पर्धेत भाग घ्या. तिथे परीक्षक जेवत नाहीत, फक्त ऐकतात. १६ जानेवारीला राष्ट्रीय स्टार्टअप दिन असतो. २०१६ मध्ये त्याच तारखेला सरकारनं 'स्टार्टअप इंडिया' सुरू केलं. त्या दिवशी आमच्या सभागृहात बसणाऱ्याला दोन लेक्चरची हजेरी मिळते, त्यामुळे उद्योजकतेला तुफान प्रतिसाद असतो. ब्लेझर भाड्यानं मिळतो. प्रश्नोत्तरात कुणी 'रेव्हेन्यू' म्हणालं की 'आत्ता आमचा फोकस ग्रोथवर आहे' म्हणायचं आणि पाणी प्यायचं.

काय करू नये, याचं उदाहरण माझ्या खोलीतच होतं. रूममेट बार्शीचा. मे महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या पोरांची घरी जायची गडबड असते, तेव्हा हा खोल्याखोल्यांतून फिरायचा आणि ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा मारायचं पट्ट्यांचं साधन), शीट कंटेनर, अॅप्रन गोळा करायचा. ड्राफ्टर ८० रुपयांना. ते सगळं माझ्या कॉटखाली. फर्स्ट इयरचं ग्राफिक्स, म्हणजे ड्रॉइंग, सुरू झालं की स्क्रू पिळून, पट्ट्या स्पिरिटनं पुसून तोच ड्राफ्टर २५० ला. वर सांगायचा, "पुढच्या मेला आण, १०० ला परत घेतो." लोगो नाही, व्हिजन नाही, कार्ड नाही. वर्षाची होस्टेलची फी यातून भरायचा आणि कुणी विचारलं तर लाजून म्हणायचा, "काय नाय, थोडं हिकडचं तिकडं."

आम्ही त्याला मेंटॉर करायचं ठरवलं होतं. वेळ मिळाला नाही, टी-शर्ट छापायचे होते. टी-शर्टशिवाय कंपनीत जीव येत नाही. डब्याला पंख असा लोगो, काळ्या कापडावर छापून मिळत नाही म्हणून पांढऱ्यावर, नगाला २२० प्रमाणे ४० नग. चार संचालकांना चार गेले. उरलेले ३६ माझ्या कॉटखाली, ड्राफ्टरशेजारी.

मार्चमध्ये बार्शीकरानं विचारलं, "पडूनच हायेत नव्हं?" ४० रुपये नगानं सगळे घेतले, रोख मोजले. आमच्या बँक खात्यात बाहेरून आलेले हे पहिले पैसे. रंगपंचमीच्या आदल्या रात्री त्यानं ते फर्स्ट इयरच्या पोरांना ९० ला विकले, पांढरा कपडा रंगाला बरा म्हणून. सकाळी मैदानात ३६ जण आमचा लोगो छातीवर घेऊन हिरवे-जांभळे होईपर्यंत नाचत होते. सीएमओनं गच्चीवरून फोटो काढला.

तो फोटो आम्ही पुढच्या स्पर्धेत चौथ्या स्लाइडला लावला. मथळा दिला, 'आमचे पहिले ३६ ग्राहक'. दुसरा नंबर आला.