पत्रा आधी, इंजिन नंतर

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, कॉन्टेसा मिळतेय. दिल्लीची आहे, नव्वद हजार. घेऊ का?" कॉन्टेसा म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची ती जुनी, लांबलचक मोटार. आवाजावरून कळत होतं की पोरगं विचारत नव्हतं, सांगत होतं.

वय २७, नोकरी बरी, बाजूला टाकलेले पैसे अडीच लाख. कर्ज काढणार नाही म्हणतो, तेवढं एक मला आवडलं. बाकी सगळ्यावरून आमची जुंपली. ती जुंपलेली इथे मांडतोय, कारण कमी पैशांत पहिली जुनी गाडी कोणती घ्यायची, हा प्रश्न घेऊन दर दोन महिन्यांनी कुणीतरी इनबॉक्समध्ये येतं.

दिल्लीची गाडी स्वस्त का, ते आधी बघा. तिकडे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे, म्हणून मालक येईल त्या भावात काढतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते, आणि ती आधी मिळायला हवी. मिळाली तरी इथे आपला रोड टॅक्स, नव्यानं पासिंग, ट्रेलरचं भाडं. दारात येईपर्यंत नव्वदाचे दीड लाख. कॉन्टेसा देखणी आहे, नाही कोण म्हणतंय? पण सुरुवातीच्या कॉन्टेसांत अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, एवढं धूड ओढताना त्याचा जीव जायचा. खरी मजा इसुझूच्या १.८ लिटर इंजिनवाल्या गाडीत, आणि तशी धड गाडी नव्वद हजारांत कुणी देत नाही. मागचा दिवा फुटला तर शोधत फिरा महिनाभर.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी पहिली जुनी गाडी 'प्रोजेक्ट' होती, म्हणजे बंद पडलेली, घेऊन मग दुरुस्त करायची. साठ हजारांची पद्मिनी, शेडमध्ये सहा वर्षं उभी. "थोडं काम आहे" असं विकणारा म्हणाला, आणि मी त्या 'थोडं' या शब्दावर विश्वास ठेवला. इंजिन पंधरा दिवसांत बोलायला लागलं. मग गाडी पत्र्याच्या कामाला गेली आणि आठ महिने तिथेच राहिली. फ्लोअर कापला तर खाली सिल (दाराखालच्या पट्ट्या) गेलेले, सिल उघडले तर दाराचे खांब गेलेले. दोन लाख दहा हजार घातले, आणि ऐंशी हजारांना विकून मोकळा झालो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही सांडला.

आमचे मिस्त्री तेव्हा एवढंच म्हणाले होते, "इंजिन मी बांधून देतो हो. पत्रा कोण बांधणार?"

म्हणून माझं मत सरळ आहे. पैसे कमी असतील तर चालती गाडी घ्या, पत्र्याला चांगली घ्या, इंजिन थोडं धूर काढत असलं तरी चालेल. आणि प्रोजेक्ट हा श्रीमंतांचा खेळ आहे, तो त्यांनाच खेळू द्या.

गाडी कोणती? फियाटच, म्हणजे हीच प्रीमियर पद्मिनी. भाच्याला हे ऐकून फार वाईट वाटलं. "मामा, ती टॅक्सी आहे." अरे बाबा, टॅक्सी होती हेच तर तिचं भांडवल! कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेलं १०८९ सीसीचं इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी इतकी वर्षं रगडलंय की ते उघडायला आणि बसवायला येणारी माणसं अजून आहेत. रिंगा, ब्रेकचे लायनर, किंग पिन, कार्बोरेटरचा किट, सगळं पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात खटपट केली की मिळतं. मात्र हे कायम राहील असं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईकच गेलं तर दुकानदार किती दिवस माल ठेवणार? घ्यायची तर आत्ता घ्या. फक्त डिझेल पद्मिनी, ती १३७ डी, दिसली तर लांबूनच नमस्कार करा. तिचे पार्ट शोधण्यात उमेद संपते.

गाडी कुठली आहे, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. रत्नागिरी-मालवणची, किंवा मुंबईत समुद्राच्या वाऱ्यावर उभी असलेली गाडी कुणी फुकट दिली तरी मी घेणार नाही. सोलापूर, लातूर, नगर, म्हणजे कोरड्या हवेतली बघा. माझी आत्ताची १९९४ ची पद्मिनी सोलापूरची आहे. निवृत्त गृहस्थांची, एकहाती, एक लाख चाळीस हजार. रंग उडालेला होता आणि म्हणूनच घेतली. ताजा रंग मारलेल्या जुन्या गाडीला मी घाबरतो. रंगाखाली किती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय ते कळत नाही. खिशात लोहचुंबक ठेवा, रुमालात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानींना लावा. चिकटत नसेल तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे. पायाखालचं मॅटिंग उचला. डिकीत स्टेपनी काढून तळ बघा, पाणी साचल्याचं तिथे लपत नाही. दार उघडून वर उचलून बघा, खाली-वर हललं तर बिजागरी झिजलीय किंवा खांब सडलाय. आणि जॅक लावायच्या जागेवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. मालक नाराज होईल. होऊ दे.

इंजिनाचं एकच सांगतो. आपण पोचायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नका, असं मालकाला बजावा. गरम इंजिन शंभर पापं झाकतं.

कागदांत लोक फसतात ते 'विंटेज' या शब्दानं. जाहिरातीत १९९२ ची गाडीही विंटेज असते. कायद्यात, २०२१ च्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडीच विंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि ती घेऊन रोज ऑफिसला जाता येत नाही. तुमची नव्वदच्या दशकातली फियाट ही कायद्यासाठी फक्त जुनी गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिचं रिपासिंग, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला त्याची फी १०,००० झालीय. वर पर्यावरण कर वेगळा. आरसीची मुदत संपलेली गाडी "करून देतो, एजंट आहे आपला" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर करून द्या आणि मगच पैसे घ्या म्हणावं. चेसीचा नंबर स्वतः वाकून वाचा.

अडीच लाखांतले दीड गाडीला, एक लाख बाजूला. त्यातून पहिल्याच महिन्यात पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, पंपाचा डायफ्रॅमसुद्धा. आताचं पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि ते जुनं रबर खातं. पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर टाकी आतून गंजते. चालवत राहा. मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची सवय नव्यानं लावावी लागते. खंबाटकीत उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोल येईनासं झालं, तर ओला फडका टाकायचा आणि अर्धा तास झाडाखाली बसायचं. (त्या अर्ध्या तासात किमान तीन माणसं थांबून "आमच्या काकांकडे होती" असं सांगतात. मला ते आवडतं, बायकोला नाही.)

भाचा दोन दिवस रुसला. शनिवारी मेसेज आला, बार्शीजवळ एक पद्मिनी आहे, १९९६ ची, रंग उडालेला, आरसी चालू. खाली डिकीच्या तळाचा फोटो. मी मोठा करून बघितला, कोरडा दिसतोय.

रविवारी पहाटे चारला निघतोय. इंजिन थंड असताना पोचायचंय.