त्बिलिसीतल्या ‘जैवास्त्र कारखान्या’ची गोष्ट

जॉर्जिया देशाची राजधानी त्बिलिसी इथली लुगार प्रयोगशाळा म्हणजे अमेरिकी लष्कराचा जैवास्त्रांचा कारखाना, हा मजकूर रशियन अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये आरोप केल्यापासून जोरात फिरतो आहे. युक्रेन युद्धानंतर तो पुन्हा जोरात पसरला. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘पैसा पेंटागॉनचा, म्हणजे हेतू उघडच.’ पैसा पेंटागॉनचाच होता आणि तो कधी लपवलेला नाही. सेनेटर सॅम नन आणि रिचर्ड लुगार यांच्या १९९१ च्या कायद्यानुसार सोव्हिएत महासंघाची अस्त्रं निकामी करायला अमेरिकी संरक्षण खात्याचा निधी मिळू लागला. पुढे त्यात धोकादायक जंतूंचे जुने साठेही आले. महासंघात प्लेगविरोधी केंद्रांचं जाळं होतं, त्यातलं एक त्बिलिसीत. देश कोसळला तेव्हा प्लेग, अँथ्रॅक्सचे नमुने तिथेच राहिले आणि ते सांभाळायचा पैसा मात्र आटला. ते असेच पडून राहायला हवे होते का? ते नीट सांभाळायला त्या निधीतून ही प्रयोगशाळा उभी राहिली. आज ती जॉर्जियाचं राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्र चालवतं. (पुण्याची एनआयव्हीही १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिली.)

‘लष्कराला रोगांशी काय देणंघेणं?’ भरपूर. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे १९०० मध्ये क्यूबात सिद्ध केलं ते वॉल्टर रीड या लष्करी डॉक्टरच्या चमूने. त्यांच्याच नावाच्या लष्करी संशोधन संस्थेचं पथक त्बिलिसीत होतं. आपल्या डीआरडीओचीही ग्वाल्हेरला अशी प्रयोगशाळा आहे.

‘७३ माणसं प्रयोगात मारली.’ हा आकडा जॉर्जियातल्या हेपटायटिस सी (यकृताचा विषाणूजन्य आजार) उपचार मोहिमेतल्या मृत्यूंना जोडला जातो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या त्या मोहिमेत यकृत आधीच गंभीर बिघडलेल्या रुग्णांना प्राधान्य होतं. अशा रुग्णांमधले मृत्यू म्हणजे विषप्रयोगाचा पुरावा नव्हे.

‘आत कुणाला सोडत नाहीत.’ नोव्हेंबर २०१८ मध्ये १७ देशांचे तज्ज्ञ आत जाऊन पाहणी करून आले. रशियालाही बोलावणं होतं. तो गेला नाही. अर्थात यजमान दाखवतील तेवढंच पाहुण्यांना दिसतं, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे सक्तीची तपासणी. पण १९७२ च्या जैविक अस्त्रबंदी करारात ती नाही. ती आणणाऱ्या मसुद्याला २००१ मध्ये ठाम नकार दिला तो अमेरिकेनेच. वॉशिंग्टनला जाब विचारायचा तर याचा विचारा.